सालारजंगमध्ये मी काय काय चुकले

मुलांना संग्रहालय दाखवणं हे सहलीतलं सगळ्यात सोपं काम, असं मला वाटायचं. तिकीट काढायचं, आत शिरायचं, बाणाच्या दिशेने चालत राहायचं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. त्यात चुकायला जागा कुठे आहे? जागा भरपूर असते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात ती मी एकटीने पुरेपूर वापरली.

आमच्या रेणापूरकडे हैदराबादचं अप्रूप जुनं आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यातच होतो. कोर्टाचं काम, वरचं शिक्षण, लग्नाचा बस्ता, मोठ्या दवाखान्यातला इलाज, सगळ्यासाठी जुनी माणसं हैदराबादची वाट धरायची. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत पोरांना कुठे न्यायचं यावर घरात फार खल झाला नाही. बहिणीचा मुलगा दहावीत, लातूरला शिकवणीच्या चक्रात अडकलेला. माझी मुलगी सातवीत. दिराची धाकटी नुकतीच पहिलीत गेलेली. एकाची मावशी, एकीची आई, एकीची काकू आणि वरून पेशाने शिक्षिका, अशी मी या तिघांची म्होरकी. बहीण सोबत होती, पण तिचं चित्त चारमिनारजवळच्या बांगड्यांत.

पहिली चूक मी रेणापुरातच करून निघाले. 'सगळं बघायचं' असं ठरवलं. मूसी नदीच्या काठावरच्या या संग्रहालयात चाळीसच्या आसपास दालनं आणि त्रेचाळीस हजारांच्या घरात वस्तू आहेत. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान काही काळ निजामाचे दिवाण होते. ते पद सोडल्यावर माणसाने उरलेलं आयुष्य वस्तू जमवण्यात घातलं. वाडवडिलांनी जमवलेलंही त्यात होतंच. लग्न केलं नाही, १९४९ मध्ये गेले. पुढे १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्यांच्याच दिवाण देवडीत संग्रहालय सुरू झालं आणि १९६८ मध्ये ते आजच्या इमारतीत आलं. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेलं हे सगळं मी एका दिवसात पोरांच्या डोक्यात ओतणार होते. तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत हा हिशेब माझ्या मनात पक्का होता. आपल्याकडे सहलीत हा हिशेब सुटत नाही. लग्नाच्या पंगतीत सगळे पदार्थ ताटात पडलेच पाहिजेत, तसा.

दुसरी चूक वहीची. तिघांनाही एकेक वही दिली. प्रत्येक दालनातल्या वस्तूंची नावं, साल, देश उतरवून घ्यायचं. पहिलीतल्या पोरीने निदान चित्रं काढावीत. माझा हेतू चांगला होता. वाया गेलेल्या सगळ्याच तासांमागे माझा हेतू चांगला असतो.

तिथे 'व्हेल्ड रेबेका' नावाचा संगमरवरी पुतळा आहे. बेंझोनी या इटालियन शिल्पकाराचा. बाईने तोंडावरून झिरझिरीत ओढणी घेतली आहे आणि ओढणीआडचं नाक, डोळे, ओठ दिसतात. ओढणीही दगडाची, चेहराही दगडाचाच, एकाच दगडातला. माणूस आधी बुचकळ्यात पडतो, मग जवळ जातो, मग बाजूने बघतो. आमचा दहावीतला पोरगा आला तो सरळ पाटीपाशी. 'बेंझोनी, १८७६, संगमरवर' एवढं उतरवलं आणि पुढच्या पाटीकडे वळला. पुतळ्याकडे त्याने मान वर करून पाहिलं असेल तर मला तरी दिसलं नाही. मी त्याला शाबासकी दिली. रात्री लॉजवर त्याची वही चाळली तेव्हा कळलं की पाटीवर नसलेला एक शब्दही तीत नाही. मी मुलांना संग्रहालय दाखवलं नव्हतं, त्यातल्या पाट्यांची नक्कल करून घेतली होती.

तिसरी चूक घड्याळाची. सालारजंगचं संगीत घड्याळ प्रसिद्ध आहे. तास भरायच्या थोडं आधी दाढीवाला छोटा माणूस दार उघडून बाहेर येतो आणि जितके वाजले तितके टोले देऊन आत जातो. बाराला बारा टोले, म्हणून बाराची गर्दी सगळ्यात दांडगी. त्या बारासाठी मी सकाळपासून पोरांना पळवत होते. फर्निचरच्या दालनात मुलगी कुठे रमली की 'चल चल, जागा मिळणार नाही.' शेवटी जागा मिळाली ती मागची. धाकटीला काही दिसेना म्हणून तिला कडेवर घेतलं, तर माझ्या पुढच्या माणसाने त्याच्या लेकराला खांद्यावर घेतलं. टोले झाले. टाळ्या वाजल्या. मुलीने विचारलं, "आई, त्या माणसाला आतून कोण ढकलतं गं?" प्रश्न चांगला होता. घड्याळाच्या आत काय असतं, चावी, चाकं, वजनं, यांवर तिथेच बाकावर बसून बोलता आलं असतं. गर्दी पांगल्यावर घड्याळ निवांत जवळून बघताही आलं असतं. मी म्हणाले, "मशीन असतं. चल, अजून चिनी भांडी राहिलीत."

चौथी चूक धाकटीच्या बाबतीत झाली. युरोपीय फर्निचरच्या दालनात ती सारखी खाली वाकत होती. मी दंड धरून उठवलं. "पाय काय बघायलीस? वर बघ, केवढं नक्षीकाम आहे!" ती म्हणाली, "काकू, ह्या टेबलाला वाघाचे पंजे हायेत." खरंच होते. तशा जुन्या खुर्च्या-टेबलांच्या पायांना तिकडचे सुतार जनावराचे पंजे कोरत. कुठे नखांत गोळा धरलेला, कुठे सिंहाचा आख्खा पाय. साडेतीन फुटांच्या पोरीच्या डोळ्यांसमोर जे येणार ते हेच. टेबलाचा वरचा भाग तिला दिसतच नव्हता. तिने स्वतःहून एक शोध लावला होता आणि कोणाला पंजे, कोणाला खूर, कोणाला नुसताच दांडा, हे ती मोजत चालली होती. मी गुडघे टेकून तिच्या उंचीवर आले असते तर ते दालन मलाही नव्याने दिसलं असतं. त्यानंतर तिने वाकून काही बघितलं नाही. 'पाय दुखतात' एवढंच म्हणत राहिली.

पाचवी चूक मला सर्वांत जास्त टोचते. चालताना हातात धरायच्या काठ्यांचा तिथे मोठा संग्रह आहे, नाना प्रकारच्या मुठींचा. त्या काठ्यांपाशी दहावीतला भाचा थांबला आणि फोन काढून बसला. माझा पारा चढला. इथे आणून दाखवतोय आणि हा फोनमध्ये. चार लोकांसमोर मी त्याला बोलले. त्याने मुकाट्याने फोन खिशात टाकला. संध्याकाळी बहिणीने त्याच्या फोनमधली चित्रं मला दाखवली. बोटाने काढलेली मुठींची रेखाटनं होती. एका मुठीवर हात कसा बसेल, अंगठा कुठे टेकेल, हेसुद्धा त्याने काढलं होतं. मी दिलेल्या वहीत नक्कल, आणि मी हिसकायला निघालेल्या फोनमध्ये खरं निरीक्षण.

तेव्हाही मी सावरले नाही. जेवताना त्याने विचारलं, "मावशी, असल्या वस्तू कशा असाव्यात हे ठरवणाऱ्यांचं कॉलेज असतं का?" लातूरमध्ये दहावीच्या पोराला डॉक्टर आणि इंजिनियर या दोन दारांपलीकडे तिसरं दार सहसा कोणी दाखवत नाही. अहमदाबादला १९६१ पासून राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे, मुंबईत जे. जे. आहे, एवढं मला ठाऊक होतं. तरी तोंडातून निघालं, "आधी नीटचं बघ." शिकवण्या घेणारे म्हणतात तेच मी म्हणाले, आणि तेही अख्खा दिवस डिझाइनचं संग्रहालय दाखवून झाल्यावर! मग आणलं होतं कशाला, असं त्याने विचारलं नाही. चांगल्या वळणाचा मुलगा आहे.

सहावी चूक किमतीची. पोरं कंटाळली की मी आकडे फेकत होते. "ह्याची किंमत माहितेय का? लातुरात दोन बंगले येतील!" आकडे अर्थातच माझ्या मनचे. फ्रान्सच्या सोळाव्या लुईने टिपू सुलतानाला दिलेल्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या हस्तिदंती खुर्च्या, नूरजहाँची म्हणून दाखवतात ती कट्यार, प्रत्येकापाशी माझा एकच सूर. नंतर पोरंही एकमेकांत तेच बोलू लागली. 'हे केवढ्याला असंल?' कोणी केलं, कशाचं केलं, कसं केलं, कशासाठी केलं, हे चारही प्रश्न त्या एका प्रश्नाने गिळून टाकले.

आणि सातवी. दुपार कलत आली होती. सगळे दमले होते. बिदरी भांड्यांच्या दालनाच्या तोंडाशी आल्यावर मी पाट्या न वाचताच निकाल दिला, "हे सोडा, हे तर आपल्या बाजूचंच आहे, बिदरचं." आमची रेल्वे उदगीर, भालकी करत बिदरवरूनच हैदराबादला जाते. जे गाडीच्या खिडकीतून दिसतं ते काय तिकीट काढून बघायचं! चीन बघितला, जपान बघितला, फ्रान्स-इंग्लंड बघितलं, आणि शेजारचं गाव तेवढं वगळून आम्ही बाहेर पडलो.

याचा भुर्दंड घरातच बसला. आमच्याकडे सासरच्या चार पिढ्यांचं एक पानदान आहे. काळंकुट्ट, झाकणावर पांढरट वेलबुट्टी. आजेसासऱ्यांनी हैदराबादहून आणलेलं, एवढंच सासूबाई सांगत. हैदराबादहून परतल्यावर डोळ्यांत लखलखाट भरलेला होता. हे पानदान चांदीचं असणार आणि काळं पडलंय, असं मी ठरवलं. चिंच आणि मीठ घेतलं, नारळाच्या शेंड्या घेतल्या आणि अंगणात बसून तासभर घासलं. काळा रंग गेला आणि खालून मळकट करडा धातू वर आला. वेलबुट्टी त्या करड्यात अशी विरली की कुठे सुरू होते नि कुठे संपते ते कळेना. एका पाकळीतली तार उचकटून आली ती शेंडीला चिकटून कुठे गेली, सापडली नाही. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "आम्ही त्याला नुसतं तेलाचं बोट लावायचो." तेवढ्यावर थांबल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भाचा सुट्टीत आला तेव्हा त्याने पानदान उलटसुलट करून पाहिलं आणि फोनवर बिदरी भांड्यांची चित्रं शोधून माझ्यापुढे धरली. "मावशी, हे बिदरी हाय. ते दालन सोडलं की नाही आपण?"

मग बिदरला गेलो, पिशवीत पानदान घेऊन. या वेळी काही ठरवलं नव्हतं. पानदान दुरुस्त होतं का बघायचं, एवढंच. चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत बिदरीचं काम करणारी घरं आहेत. एका कारागिराने झाकण हातात घेतलं, बोट फिरवलं आणि विचारलं, "इमली लगाये क्या?" मी मान हलवली. तो हसला. माझ्यासारख्या बायका त्याच्याकडे येत असाव्यात.

पोरं तिथे खाली बसली ती उठेचनात. बिदरीचा मूळ धातू जस्ताचा, त्यात थोडं तांबं. मातीच्या साच्यात ओतून भांडं करायचं, कानशीने गुळगुळीत करायचं. मग मोरचुदाचं पाणी लावून तात्पुरतं काळं करायचं, म्हणजे त्यावर कोरलेली रेघ उठून दिसते. पोलादी टोकाने चर पाडायचे, त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि पुन्हा घासायचं. या टप्प्याला भांडं अगदी रया गेलेलं दिसतं. चांदीही पांढरी, जस्तही पांढरं, नक्षी जवळपास गायब. माझ्या पानदानाची नेमकी हीच अवस्था झाली होती.

शेवटच्या पायरीला बिदर किल्ल्यातली माती लागते. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेल्या जागची. ती पारखायला जुने कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवतात. ती माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम करतात आणि भांड्याला लावतात. कारागिराने झाकणावर तो लेप फिरवला. आमच्या डोळ्यांदेखत करडा धातू काळा पडत गेला. जस्त काळं पडतं, चांदीला काही होत नाही. पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवला तेव्हा वेलबुट्टी काळ्यावर लख्ख उभी राहिली. धाकटी त्या वेळी जमिनीला जवळजवळ गाल लावून बघत होती. मी तिला उठवलं नाही. मुलीने विचारलं, "चांदी का नाही काळी पडत?" कारागीर म्हणाला, "उसकू मट्टी नहीं पकडती." भाच्याने पुढे विचारलं की मातीत असं काय आहे. त्यातल्या क्षारांबद्दल मग आम्ही दोघांनी घरी येऊन वाचलं. ज्या रसायनशास्त्राने तो पिचलेला होता, तेच तो स्वतःहून उघडून बसला. गेलेली तार मात्र परत आली नाही. त्या पाकळीच्या जागी आजही नुसता चर आहे.

त्याच दिवशी किल्ल्यातला रंगीन महाल पाहिला. तिथे काळ्या दगडात शिंपल्याचे चकचकीत तुकडे बसवून नक्षी केली आहे. "हेपण बिदरीच की, दगडातलं," हे वाक्य सातवीतल्या माझ्या मुलीचं. मला ते सुचलं नसतं आणि कुठल्या पाटीवरही नव्हतं.

त्यानंतर आम्ही पुन्हा सालारजंगला गेलो. या वेळी वह्या नाहीत. प्रत्येकाने एकेक दालन निवडायचं, उरलेलं सोडून द्यायचं. भाच्याने बिदरी निवडलं आणि आम्हाला त्यानेच दाखवलं. कुठे तार बसवली आहे, कुठे पत्रा, कुठल्या हुक्क्याच्या बैठकीवर कारागिराचा हात सफाईने फिरलाय. धाकटीने खेळण्यांचं दालन मागितलं आणि तिथल्या शिशाच्या सैनिकांपाशी बूड टेकलं. तरी मी पूर्ण सुधारले असं नाही. मुलीने कापडांचं दालन निवडलं होतं. तिथे पाच मिनिटांतच माझ्या तोंडून पैठण, हिमरू, औरंगाबाद असं व्याख्यान सुरू झालं. भाच्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

एक गोष्ट हैदराबादला जाण्याआधीच कळायला हवी होती. घरातल्या वस्तू नीट बघायची सवय असेल तर संग्रहालय परकं वाटत नाही. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तर घरगुती वस्तूंवरच उभं आहे. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला घेतल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं. अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या, करंडे, वाड्यांचे दरवाजे. आपल्या आजीच्या फडताळात जे होतं तेच, पण शेकडो तऱ्हांचं. एवढं लांब जायचं नसेल तर लातूरहून तेर जवळ आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय तिथे आहे. सातवाहन काळातले मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या वस्तू. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच एक मूर्ती इटलीत, ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये निघाली. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या गावाचं दुकान कुठवर लागलेलं होतं, हे पोरांना तेरमध्ये उभं राहून सांगायला जास्त मजा येते.

तुम्ही मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाणार असाल तर माझ्या खर्चाने चार गोष्टी शिका. तीन-चार वस्तूंवर दिवस काढा, बाकीच्या तिथेच असतात. लहान लेकरू वाकलं की तुम्हीही वाका. मोठं पोर थांबलं की मागून हाक मारू नका, फोनमध्ये असलं तरी आधी काय चाललंय ते बघा. किंमत तर बिलकुल सांगू नका. शुक्रवारी सालारजंग बंद असतं, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवा. आणि निघण्याआधी घरच्या माळ्यावरची जुनी भांडी खाली काढून पोरांना हाताळू द्या. फक्त ती काय आहेत हे कळेपर्यंत त्यांना चिंच लावू नका.